अनुभवी सदस्याची नेमणूक

ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिच्यावरच माणूस निःपक्षपातीपणे बोलू शकतो, हे आता जगभर मान्य झालेलं आहे. पोटभर जेवलेले लोक उपासाचे फायदे सांगतात, अविवाहित लोक सुखी संसाराची शिबिरं घेतात, आणि बंगळूरच्या कोरमंगलात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ‘आंतरराष्ट्रीय मादकद्रव्य धोरण विश्लेषण व सुधारणा केंद्र’ गेली अकरा वर्षं जगाच्या नशापाण्याचा विचार करत बसलेलं आहे. (तळमजल्यावर बिअर तिथल्या तिथे गाळून देण्याची सोय आहे. ती परवानाधारक असल्यामुळे विचाराच्या कक्षेत येत नाही.)

केंद्राचं म्हणणं थोडक्यात असं, की नशा करणाऱ्याला तुरुंगात घालू नये, दवाखान्यात न्यावं. म्हणणं चांगलंच आहे. त्यात खोट काढायला जागा नाही, म्हणून तर ते अकरा वर्षं टिकलं. एवढ्या काळात केंद्राने त्रेचाळीस शोधनिबंध काढले, जिनिव्हा, व्हिएन्ना आणि लिस्बन मिळून सत्तावीस वेळा तीव्र चिंता व्यक्त केली, आणि ‘व्यसनी’ हा अपमानकारक शब्द मोडीत काढला. त्याच्या जागी आधी ‘द्रव्यसेवी व्यक्ती’ आणली. ती कुणाला तरी टोचली, तेव्हा ‘द्रव्याशी नातं असलेली व्यक्ती’ असं ठरलं. ज्या बैठकीत हे ठरलं तिला अशी एकही व्यक्ती हजर नव्हती, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

या केंद्रात कृष्णात शिंत्रे हा ‘धोरण समन्वयक’ होता. म्हणजे हॉल ठरवायचे, परदेशी पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं, आणि एवढ्याशा अंतराला अडीच तास का लागले याचं त्यांना पटेल असं स्पष्टीकरण द्यायचं. गडी निपाणीचा. अख्खं गाव तंबाखूवर जगलेलं, पण हा वखारीच्या दारावरून गेला तरी शिंकून बेजार व्हायचा. विडी नाही, दारू नाही, पान नाही. छातीत धडधडतं म्हणून बंगळूरला राहूनही कॉफी नाही. असा माणूस शहरात एकटा सापडला तर खरं म्हणजे त्याच्यावरच निबंध लिहायला हवा होता, पण केंद्राचं तिकडे लक्ष गेलं नाही.

त्या वेळी कृष्णातची सोयरीक जमायच्या बेतात होती. मुलगी अक्षरा. तिचे वडील प्रतापराव माने चामराजपेटेत राहायचे. हे माने शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आले, आणि परत जायला त्यांना अजून सवड झालेली नाही. प्रतापरावांची अट एकच होती, की मुलगा निर्व्यसनी पाहिजे. कृष्णातची आत्या ठकुबाई ही हमी द्यायला निपाणीहून रात्रभर बसने आली, आणि सकाळी मान्यांच्या गॅलरीत बसून बोटाने मिश्री लावत म्हणाली, “आमच्या कृष्णाताला सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई बघा.” प्रतापरावांनी तपकिरीची चिमूट नाकात सोडली, डोळे पुसले आणि कानडीत होकार भरत म्हणाले, “सरी, सरी. आमच्या घराण्यात तसलं काही चालत नाही.” (मिश्री हे दंतमंजन आहे आणि तपकीर हे सर्दीवरचं औषध. यावर दोन्ही घरांचं एकमत होतं.)

अक्षरा बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कामाला होती. ती आणि कृष्णात तीन-चारदा बाहेर भेटले होते. ती वाक्य मराठीत सुरू करायची, कानडीत संपवायची, आणि संपल्यावर स्वतःच हसायची. हा घरी जाऊन ते वाक्य परत एकदा मनात म्हणायचा. कृष्णातला ती आवडली होती, अगदी मनापासून आवडली होती. हे जमलं नाही तर दुसरं स्थळ बघू, असं म्हणायची त्याची तयारीच उरली नव्हती. आता फक्त सुपारी फुटायची बाकी होती. (धार्मिक वापर.)

एवढ्यात जिनिव्हाच्या देणगीदारांनी नवा नियम केला. ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्याशिवाय बोलायचं नाही. प्रत्येक संस्थेच्या नियामक मंडळावर नशेचा स्वतः ‘जगलेला अनुभव’ असणारी एक तरी व्यक्ती हवी. नसली तर अनुदान बंद. केंद्राच्या मंडळावर तेव्हा एक निवृत्त राजदूत, एक निवृत्त न्यायाधीश, एक निवृत्त कुलगुरू आणि आणखी एक गृहस्थ होते. ते कशातून निवृत्त झाले हे कुणाला आठवत नव्हतं. चौघांचाही अनुभव दांडगा होता, पण तो या कामाचा नव्हता.

शोध सुरू झाला. सव्वा कोटीवर वस्ती असलेल्या शहरात एक माणूस मिळू नये म्हणजे काय, असं संचालिका डॉ. प्रियदर्शनी मॅडम रोज म्हणायच्या. आधी चंदन नावाच्या तरुण संशोधकाला विचारलं, कारण दर शुक्रवारी संध्याकाळी त्याला जगलेला अनुभव येतो असा त्याचा लौकिक होता. तो म्हणाला, “मॅडम, तत्त्व म्हणून माझा फुल सपोर्ट आहे, पण माझ्या घरमालकाला मांसाहारसुद्धा चालत नाही.” मग कृष्णातला बोम्मसंद्राला पाठवलं. तिथल्या कारखान्यात अजिंक्य नावाचा एक जण होता, त्याने सगळं सोडून दोन वर्षं झाली होती. अजिंक्यने चहा पाजला आणि म्हणाला, “सोडलं हे मी सुपरवायझरला सांगू शकत नाही साहेब. धरलं होतं हेच त्याला माहीत नाही.”

केंद्राने या नकारांवर एक टिपण तयार केलं. त्याचा निष्कर्ष असा होता, की समाजात लाज फार आहे.

देणगीदारांच्या तपासणीला महिना उरला तेव्हा मॅडमनी कृष्णातला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम मूळच्या पुण्याच्या.

“कृष्णात, यू आर फ्रॉम निपाणी, राइट?”

“हो मॅडम.”

“टोबॅकोचं गाव.”

“पण मी खात नाही मॅडम.”

“खातोस असं कोण म्हणतंय? आपली डेफिनिशन काय आहे?”

व्याख्या कृष्णातनेच टाइप केलेली होती. ‘द्रव्याशी कोणत्याही काळातलं, कोणत्याही स्वरूपाचं, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नातं.’ कुणालाही वगळल्यासारखं वाटू नये म्हणून ती एवढी रुंद केली होती. मॅडमनी ती शांतपणे लावून दाखवली. कृष्णातचे वडील वखारीत वजनकाट्यावर होते, म्हणजे हा तंबाखूवर वाढला. नातं वंशपरंपरागत. वास आला की शिंका येतात, म्हणजे शरीर प्रतिसाद देतं. प्रतिसाद आहे म्हणजे संबंध आहे. आणि मी नाही त्यातला, असं तो सारखं सांगत होता. नकार हे तर नात्याचं पहिलं लक्षण आहे, हे केंद्राच्या एकोणिसाव्या निबंधात सिद्ध झालेलं आहे.

कृष्णातची मोठी पंचाईत झाली. नाही म्हणावं तर अनुदान जाणार, केंद्राला कुलूप, नोकरी गेली. आणि बिननोकरीच्या माणसाला प्रतापराव दारात उभं करणार नाहीत. हो म्हणावं तर बातमी फुटली की संपलंच. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या पल्याड अक्षरा. शेवटी नाव गुप्त राहील या अटीवर तो कबूल झाला. मॅडमनी हातावर हात ठेवून सांगितलं, की गोपनीयता हे केंद्राचं पाचवं मूल्य आहे.

त्या मूल्याला धरून केंद्राने इंटरनेटवर त्याचा अर्धाच चेहरा टाकला. फोटो बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी काढला होता. फोटोग्राफर म्हणाला, स्वल्प दुःखी बघा सर. कृष्णातने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे ते चांगलं जमलं. खाली लिहिलं होतं, ‘मी कृष्णात शिंत्रे. मी आता लपणार नाही.’ दोन दिवसांत नऊ हजार लोकांनी त्याच्या धैर्याला दाद दिली. त्यांतल्या एकाने ती दाद चामराजपेटेत नेऊन पोहोचवली.

प्रतापरावांचा फोन आला. “स्वल्प घरी येऊन जा. एकटेच या.”

कृष्णातला रात्रभर झोप नव्हती. रविवारी रिक्षात बसून त्याने बोलायचं घोकलं, की मामा, तसलं काही नाही हो, मला फक्त शिंका येतात. घोकताना त्याचं त्यालाच ते कुणी खरं मानेल असं वाटेना. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

दार अक्षराच्या आईने, सकवारबाईंनी उघडलं. त्यांनी खारा भात आणि केसरी भात, म्हणजे तिखट उपमा आणि गोड शिरा, असं दोन्ही पुढे ठेवलं. लग्न मोडायला बोलावलेल्या माणसाला गोड देत नाहीत एवढं कृष्णातला ठाऊक होतं, त्यामुळे तो जास्तच घाबरला. खाऊन होतंय तोच प्रतापराव त्याला गच्चीवर घेऊन गेले, पाण्याच्या टाकीमागे, जिथून शेजारची गच्ची दिसत नाही.

“कसं सोडलंत?” प्रतापरावांनी विचारलं.

“काय मामा?”

“तेच. कसं सोडलंत, एवढंच सांगा.” आणि ते टाकीला टेकून रडायला लागले.

मग सगळं बाहेर आलं. अक्षराचा धाकटा भाऊ यशोवर्धन दोन वर्षांपासून गोळ्यांवर होता. आधी झोपेच्या, मग दुखण्याच्या, मग कुठल्या ते घरात कुणाला कळेना. नोकरी गेली, अंगातलं मांस गेलं. बाहेर सांगायचं काय, तर पित्त. नातेवाईक, शेजारी, समाजाची मंडळी, सगळ्यांना पित्त म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांनी माणुसकी दाखवली. मान्यांच्या स्वयंपाकघरात मोरावळ्याच्या अकरा बरण्या जमल्या. कोकम एवढं आलं की सकवारबाईंनी ते पुढे दुसऱ्या पित्तवाल्यांना वाटलं. दवाखान्यात न्यावं तर पोलीस येतील ही भीती, आणि पोलीस नाही आले तरी लोक येतील ही त्याहून मोठी.

हा माणूस आपल्याला बघून रडतोय आणि आपण खोटे आहोत, हे कृष्णातला सहन होईना. तो म्हणाला, “मामा, खरं सांगतो, मी निर्व्यसनी आहे.”

“ते आता झालात हो. आधीचं सांगा.”

“आधीही नव्हतं काही. ते ऑफिसचं काम आहे.”

प्रतापरावांनी डोळे पुसले. चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. “म्हणजे तुम्ही कधीच काही केलेलं नाही?”

“नाही.”

“मग मी चुकलो. चुकीच्या माणसाला बोललो.” ते जिन्याकडे वळले. “कृष्णातराव, निर्व्यसनी जावई घरात आणला तर तो जन्मभर माझ्या पोराकडे बघेल. काही बोलणार नाही, नुसता बघेल. तुमचा फोटो बघून सकवार म्हणाली, हा आपल्यातला आहे, याला पोर देऊ या. आता नको. बोलणं झालं ते विसरा.”

खाली अक्षरा भांडी आवरत होती, आवाज गच्चीपर्यंत येत होता. जगातल्या बहुतेक मोठ्या धोरणात्मक निर्णयांप्रमाणे हाही निर्णय पुरेशा माहितीशिवाय आणि फार थोड्या वेळात घेण्यात आला.

“मामा, थांबा,” कृष्णात म्हणाला. “लाजेपायी खोटं बोललो. होतं मला.”

“काय होतं?”

त्रेचाळीस निबंधांच्या परिशिष्टांतली सगळी द्रव्यं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांतल्या एकाचाही उच्चार त्याला नीट येत नव्हता.

“सगळंच,” तो म्हणाला.

प्रतापरावांनी त्याला मिठी मारली. असा जावई मिळायला नशीब लागतं, असं ते त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आले आहेत.

पण सोडायचं कसं, हा प्रश्न तसाच होता. कृष्णातने मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, हा फार इम्पॉर्टंट गॅप आहे, यावर पेपर व्हायला हवा. मात्र कुणाला कुठल्या दवाखान्यात न्यावं हे सांगणं केंद्राच्या उद्दिष्टांत बसत नाही. ते खरंच होतं. उद्दिष्टं त्यानेच टाइप केली होती.

तेव्हा सोमवारी कृष्णात, यशोवर्धन आणि प्रतापराव एका सरकारी रुग्णालयात गेले. खिडकीवर विचारलं, रांग दाखवली, रांगेत उभे राहिले. अकरा वर्षांत केंद्राने मांडलेलं सगळं धोरण एवढंच होतं, आणि ते पार पाडायला एक सकाळ लागली. प्रतापरावांनी आतल्या नर्सला हळूच विचारलं, पोलीस तर येणार नाहीत ना. नर्स म्हणाली, “येतात की. मंगळवारी येतात, स्वतःला दाखवायला. रांगेतच बसतात.”

रांगेत चार माणसं पुढे मराठा समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष खंडोजीराव उभे होते. मोरावळ्याची सगळ्यांत मोठी बरणी त्यांच्याकडून आलेली होती. प्रतापरावांची आणि त्यांची नजर एकमेकांना भिडली. शेवटी खंडोजीराव म्हणाले, “आमच्या भाच्याला स्वल्प पित्त आहे.”

“असणारच,” प्रतापराव म्हणाले. “हवाच तशी आहे.”

मग खंडोजीरावांनी कृष्णातला ओळखलं. फोटो त्यांनीही बघितला होता. त्यांनी त्याला खांबाआड नेलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “पहिले आठ दिवस घरच्यांनी काय करायचं?” कृष्णातला माहीत नव्हतं. तो म्हणाला, डॉक्टरांना विचारून सांगतो. आणि विचारून सांगितलं. बंगळुरात एवढ्यावर माणूस तज्ज्ञ होतो.

तपासणी झाली, देणगीदार खूश झाले, केंद्राला आणखी पाच वर्षं मिळाली. सुपारीही फुटली. तिच्या आदल्या दिवशी कृष्णातने अक्षराला सगळं खरं सांगून टाकलं, शिंकांपासून ‘सगळंच’पर्यंत. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग पुन्हा हसली.

“बाबांना सांगू नको,” ती म्हणाली. “दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना खरं बोलायला माणूस मिळालाय.”

“पण मी खोटा आहे.”

“असू दे की. खरा कुठं मिळत होता?”

यशोवर्धनला मात्र काही सांगावं लागलं नाही. “दाजी,” तो एकदा रांगेत म्हणाला, “तुम्ही जन्मात काही घेतलेलं नाही. परवा डोकेदुखीची गोळी घेताना तुम्हाला ठसका लागला.” मग त्याचा नंबर आला, तेव्हा तो उठून आत गेला. मध्ये एकदा तो घसरला. महिनाभर परत पित्त झालं, परत रांग लागली. आता तो जेवणाला नावं ठेवतो, आणि सकवारबाई ते ऐकायला मुद्दाम मीठ कमी घालतात.

कृष्णातला आता रोज फोन येतात. आठ महिन्यांत एकसष्ट कुटुंबांचे आले, आणि त्यांतली शंभर टक्के कुटुंबं निर्व्यसनी आहेत. अडतीस टक्के लोक मित्रासाठी विचारतात, सत्तावीस टक्के शेजाऱ्याच्या मुलासाठी, बावीस टक्के लांबच्या नातेवाइकासाठी. उरलेले तेरा टक्के राँग नंबर म्हणून ठेवून देतात आणि थोड्या वेळाने परत लावतात. केंद्राने त्याला समज दिली आहे, की ही कामं कचेरीच्या वेळेत करू नयेत. त्याच्यावर चव्वेचाळिसावा निबंधही चालू आहे. तो जिनिव्हात वाचला जाईल.

नंबर आम्ही इथे छापलेला नाही. तुम्ही ही गोष्ट इथवर वाचलीत ती केवळ गंमत म्हणून, आणि तुमच्या घरात तसलं काही नाही, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. शिवाय छापला असता तरी चार माणसांत बसून तुम्ही तो उतरवून घेतला नसता. घरात कुणी नसेल तेव्हा आम्हाला विचारा. मित्रासाठी हवाय म्हणा. कुठला मित्र, असं कृष्णातने आजवर कुणालाही विचारलेलं नाही.